छर्‍यांच्या चाचणीसाठी घरी जिलेटिनचा ठोकळा करताना

साताऱ्याहून न्यायसहायक विज्ञान शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं आहे. ती रेंजवर एअर रायफल चालवते. चपट्या, गोल आणि टोकदार तोंडाचे छर्रे जिलेटिनमध्ये किती खोल जातात, यावर तिचा कॉलेजचा प्रकल्प आहे. तिच्या अडचणी अशा: ठोकळा दुधाळ होतो आणि आत बुडबुडे राहतात. एकच छर्रा एकदा ९ सेंटिमीटर जातो, तर दुसऱ्या दिवशी १३. मैत्रिणीनं जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरायला सुचवलं आहे. आणि वडिलांची पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक आहे, तर तिची काडतुसंही शेतात अशा ठोकळ्यावर मारून बघता येतील का?

मी राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत बॅलिस्टिक्स, म्हणजे बंदुका-गोळ्या तपासणाऱ्या, विभागात नोकरी केली, आता मिरजेत असतो. तू विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीत लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर नाही असं आहे. पीक संरक्षणाचा परवाना रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी दिलेला असतो, काडतुसांची चाचणी घेण्यासाठी नाही. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. निष्काळजीपणानं गोळी झाडून दुसऱ्याच्या जिवाला धोका आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद तेव्हा आली. उसाच्या फडात पलीकडे कोण तोडणीला बसलंय, हे बांधावरून दिसत नाही. वडिलांची बंदूक कपाटातच राहू दे. काडतुसांची चाचणी करायची तर अधिकृत रेंजवर, तिथल्या परवानगीनं आणि प्रशिक्षकासमोरच. तुझी एअर रायफल ४.५ मिलिमीटरची आणि तिच्या छर्‍याची नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या आतली असेल, तर तिला शस्त्रपरवाना लागत नाही. पण गच्ची किंवा परसदार म्हणजे रेंज नव्हे. तुझा प्रकल्प छर्‍यांवर उत्तम होतो. त्यातच इतकं शिकण्यासारखं आहे की बारा बोअरकडे बघायला वेळ मिळणार नाही.

आता ९ आणि १३ सेंटिमीटर. तू दोष छर्‍यात शोधते आहेस, पण तो बहुतेक ठोकळ्यात असणार. जिलेटिन म्हणजे माणसाचं शरीर, असं बरेच लोक धरून चालतात. तसं ते नाही. त्यात हाड नाही, त्वचेचा ताण नाही, फुफ्फुसातली हवा नाही. ती एक मोजपट्टी आहे, मऊ स्नायूच्या जवळ जाईल अशी लावून घेतलेली. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी जिवंत डुकराच्या मांडीच्या स्नायूत गोळी किती जाते ते मोजलं आणि वजनानं १० टक्के जिलेटिन ४ अंश सेल्सियसला ठेवलं तर खोली जुळते, हे दाखवलं. त्याआधी २० टक्के जिलेटिन १० अंशांना वापरायची पद्धत होती, काही ठिकाणी ती अजून चालते. दोन्हीत टक्केवारीला तापमानाची जोड आहे, हे ध्यानात घे. नुसतं '१० टक्के जिलेटिन' असं लिहिलेल्या अहवालाला काही अर्थ नाही. ४ अंशांचा ठोकळा ८ अंशांना गेला की तोच छर्रा सरळ पुढे सरकतो. तू तुझ्या पट्टीची लांबी रोज बदलते आहेस आणि कापडाला दोष देते आहेस.

या मोजमापाला वजन कसं आलं, तेही तुला माहीत असावं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेची, दोन बँक दरोडेखोरांशी चकमक झाली. सुरुवातीलाच एकाला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. एफबीआयचे दोन जण मारले गेले, पाच जखमी झाले. त्या चौकशीतून पुढे एफबीआयनं जिलेटिनच्या चाचण्यांची शिस्त बसवली आणि किमान १२ इंच, जास्तीत जास्त १८ इंच खोली हा निकष धरला. म्हणजे एकेका इंचावर माणसांचे जीव मोजले गेले आहेत. ठोकळा दोन अंश गरम असल्यामुळे एक इंच वाढला, तर तो इंच खोटा आहे.

माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी मी मोठा ठोकळा फ्रीजमध्ये ठेवला. रात्री वीज गेली, पहाटे आली. सकाळी हात लावला तर ठोकळा छान गार. मी पूर्ण मालिका उडवली, तक्ता भरला. वरिष्ठांनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "आतलं तापमान किती होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ठोकळ्याच्या मध्यात थर्मामीटरची सळई खुपसायला लावली. वरचं बोटभर जिलेटिन गार होतं, आत कोमट. वीज परत आल्यावर फ्रीज बाहेरून आत गारवा देतो. जिलेटिन उष्णता फार हळू सोडतं, म्हणून गाभा कितीतरी तास मागे राहतो. सगळ्या नोंदी रद्द केल्या. त्या दिवसापासून मी ठोकळ्याला हात लावून तापमान ठरवलेलं नाही. तूही ठरवू नकोस. दोन ठोकळे एकाच वेळी ओत: एक चाचणीचा, एक त्याच मापाचा फक्त थर्मामीटरसाठी. दुसऱ्याच्या मध्यात सळई कायमची बसवून ठेव. तो ४ अंश दाखवेल तेव्हाच पहिला बाहेर काढायचा.

ठोकळा करायची कृती आता सविस्तर सांगतो, कारण दुधाळपणा आणि बुडबुडे इथेच जन्माला येतात.

जिलेटिन विकत घेताना 'ब्लूम' विचार. जेलीचा घट्टपणा मोजायचं ते माप आहे: ६.६७ टक्क्यांची जेली १० अंशांना रात्रभर ठेवायची आणि ठराविक दट्ट्या तिच्यात ४ मिलिमीटर दाबायला किती ग्रॅम लागतात ते बघायचं. आपल्याला २५० ब्लूमचं, 'ए' प्रकारचं हवं. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं बरंचसं त्याहून कमी असतं आणि पुडीवर आकडाही नसतो. रसायनांच्या व्यापाऱ्याकडे आकडा लिहिलेलं मिळतं. कमी ब्लूमचं घेऊन प्रमाण वाढवायचा मोह होतो. कामचलाऊ ठोकळा होतोही, पण मग तुझे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी लावता येत नाहीत. आणखी एक गोष्ट घरातल्यांना आधीच सांग. 'ए' प्रकारचं जिलेटिन प्रामुख्यानं डुकराच्या कातडीपासून करतात, 'बी' प्रकारचं गुरांच्या हाडांपासून. आईच्या पातेल्यात न विचारता हे शिजवणं योग्य नाही. वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि शक्यतो वेगळा फ्रीज.

१० टक्के म्हणजे एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम, असं बहुतेक जण धरतात. ते नऊ टक्क्यांच्या थोडं वर भरतं. एकूण वजनाचा दहावा भाग जिलेटिन हवा, म्हणजे १ भाग पावडर आणि ९ भाग पाणी, दोन्ही वजनानं. छर्‍यांसाठी १२ बाय १२ सेंटिमीटर तोंडाचा आणि ३० सेंटिमीटर लांबीचा ठोकळा पुरतो. त्याचं वजन साधारण ४ किलो ४०० ग्रॅम होतं: ४४० ग्रॅम जिलेटिन, ३ किलो ९६० ग्रॅम पाणी. सोनाराचा काटा नको, पण किराणा दुकानातल्यासारखा इलेक्ट्रॉनिक काटा तरी हवा. वाटीनं मोजू नकोस. पाणी फिल्टरचं घे, बोअरवेलचं नको.

पाणी आधी फ्रीजमध्ये गार कर. मग पाण्यात पावडर घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. उलट केलंस तर खाली गोळे होतात, वरून भिजलेले आणि आत कोरडे, आणि ते शेवटपर्यंत विरघळत नाहीत. एका हातानं पावडर चाळणीतून भुरभुरत घाल, दुसऱ्या हातानं लाकडी उलथन्यानं सावकाश फिरव. रवी लावायची नाही, मिक्सर तर मुळीच नाही. तुझे बुडबुडे तिथलेच आहेत. ते पातेलं झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेव. बाहेर काढशील तेव्हा ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दिसेल: दाणा दाणा फुगलेला, एकमेकाला चिकटलेला, पण कुठेही पांढरी कोरडी पूड नाही. तसं दिसलं नाही तर आणखी तासभर थांब.

आता ऊब. पातेलं थेट गॅसवर कधीच ठेवायचं नाही. मोठ्या टोपात ऊन पाणी घे, त्यात हे पातेलं बसव आणि हळूहळू ढवळ. मिश्रण ४० अंशांपर्यंत न्यायचं, त्याच्या पुढे नाही. लवकर विरघळावं म्हणून लोक उकळी आणतात. जास्त उष्णतेनं जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि थंड झाल्यावर त्या पुन्हा पूर्वीइतक्या घट्ट विणल्या जात नाहीत. ठोकळा दिसायला तसाच, पण मऊ. छर्रा खोल जातो आणि तुला वाटतं छर्रा जोरदार आहे. एकदा वापरलेला ठोकळा पुन्हा वितळवून वापरला तरी हेच होतं, दर खेपेला थोडं थोडं. प्रकल्पासाठी दर वेळी ताजा कर. जुना ठोकळा हात बसवायला आणि नेम तपासायला ठेव.

वितळल्यावर वर फेस येईल. दालचिनीच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकले की फेस बसतो. ठोकळा लवकर नासायचाही नाही. तेलाचा हात सैल सोडू नकोस, थेंब म्हणजे थेंब. मग पाच-दहा मिनिटं तसंच उबेला ठेव, म्हणजे बुडबुडे वर येतात. उरलेला फेस चमच्यानं अलगद काढ. साच्याला आतून तेलाचं बोट फिरव. ओतताना पातेल्याचं तोंड साच्याच्या कडेला टेकव आणि धार भिंतीवरून खाली सोड, मध्यात पडू देऊ नकोस. पडणारी धार हवा घेऊन आत जाते. एवढं सांभाळलंस तर ठोकळा फिकट चहाच्या रंगाचा आणि असा स्वच्छ होतो की पलीकडे धरलेल्या वर्तमानपत्राची ओळ वाचता येते.

साचा फ्रीजमध्ये ठेवायची घाई नको. आधी खोलीत गार होऊ दे, मग फ्रीजमध्ये पूर्ण बसू दे, मग साच्यातून काढून हवा न लागता प्लास्टिकच्या पिशवीत बांध आणि ४ अंशांना किमान ३६ तास ठेव. इथे घरगुती फ्रीज दगा देतो. दारातल्या कप्प्यात आणि मागच्या भिंतीशी तापमान वेगवेगळं असतं. मागे टेकलेल्या बाजूला बर्फाचे कण धरले तर तो ठोकळा गेला. गोठून सुटलेलं जिलेटिन पाणी सोडतं आणि त्याची वीण मोडलेली असते. मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं दूर ठेव.

निवृत्तीनंतर मिरजेत मुलांना दाखवायला मी ठोकळे केले, तेव्हा घरच्या फ्रीजनं एप्रिल-मे महिन्यांत मला फार रडवलं. शेवटी तासगावच्या बाजूला एका ओळखीच्या बेदाणा कोल्ड स्टोअरेजवाल्यानं कोपरा दिला. बेदाणा चार-पाच अंशांच्या आसपास ठेवतात, आपल्याला हवं तेच तापमान, आणि रात्रंदिवस सांभाळलेलं. माल खाण्याचा असतो, म्हणून ठोकळे दुहेरी पिशवीत आणि बंद डब्यात, मालकाला आत काय आहे ते स्पष्ट सांगून ठेवले. तुझ्याकडे साताऱ्यात असं कोणी नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला फ्रीज माग.

चायना ग्रासचं उत्तर सोपं आहे: नको. ते समुद्री शेवाळापासून होतं, ताणलं तर तुटतं. जिलेटिन ताणतं आणि परत येतं, छर्रा गेल्यावर मागचा मार्ग मिटतो. चायना ग्रासमध्ये छर्रा गेला की फोडी उडतात. मैत्रिणीला ते सुचलं हे मात्र समजण्यासारखं आहे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतही जंतू वाढवायला आधी जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळे आणि काही जंतू त्याचं पाणी करून टाकत, म्हणून तिथल्या एका सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून १८८१-८२ च्या सुमारास तिथे आगार, म्हणजेच चायना ग्रास आलं. जंतूंसाठी ते योग्य होतं. आपल्याला जिलेटिनचाच लवचिकपणा हवा आहे, त्याच्या नाजूकपणासकट. आणि जंतूंना ते आवडतं, हे लक्षात ठेवून ठोकळा चार-पाच दिवसांत वापरून टाक.

ठोकळा रेंजवर न्यायचा कसा, हा तुझा खरा गळतीचा मुद्दा आहे. तू लिहितेस की पिशवीत घालून दुचाकीवरून नेतेस. उन्हात अर्धा-पाऊण तास म्हणजे बाहेरचा थर गेलाच. जाड थर्माकोलचा डबा घे. खाली बर्फाच्या पिशव्या, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर ठोकळा. बर्फ ठोकळ्याला टेकायला नको. थर्मामीटरवाला जोडीदार ठोकळाही त्याच डब्यात. बाहेर काढल्यापासून शेवटच्या छर्‍यापर्यंत माझा नियम २० मिनिटांचा आहे. मे महिन्यात मी तो १० वर आणतो. आधी रायफल, कागद, पट्टी, सगळं मांडून ठेव आणि मगच डब्याचं झाकण उघड.

पहिला छर्रा मोजमापाचा नाही, पट्टी तपासायचा. जगभर यासाठी ४.५ मिलिमीटरची पोलादी गोळी, वजन साधारण एक तृतीयांश ग्रॅम, सेकंदाला १८० मीटर वेगानं ठोकळ्यात मारतात. ती साडेआठ सेंटिमीटरवर थांबली पाहिजे, एक सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे चालतं. त्याहून खोल गेली तर ठोकळा मऊ किंवा गरम, अलीकडे थांबली तर जास्त घट्ट. बरोबर जमलेल्या ठोकळ्यात हे दृश्य बघण्यासारखं असतं: पृष्ठभागावर टाचणीएवढं तोंड, तिथून आत केसासारखी चांदीची रेघ, आणि रेघेच्या टोकाला चकाकणारी गोळी, जणू कुणी आत ठेवून दिली आहे. दोन्ही बाजूंनी पट्टी लावून वाचता येतं.

पण पोलादी गोळी तुझ्या रायफलमधून उडवू नकोस. आतून पिळदार खाचा, म्हणजे आटे, असलेल्या नळीत पोलाद गेलं तर आटे झिजतात, आणि कठीण गोळी कशावर तरी आपटून डोळ्यावर परत येऊ शकते. त्यासाठी गुळगुळीत नळीची वेगळी बंदूक लागते आणि वेग मोजायला क्रोनोग्राफ. ते नसेल, तर असं कर. एकाच डब्यातला एकाच जातीचा शिशाचा छर्रा हा तुझा संदर्भ ठरव. प्रत्येक ठोकळ्यावर पहिले दोन छर्रे त्या जातीचे. त्यांची खोली मागच्या ठोकळ्यापेक्षा अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त हलली तर त्या दिवशीची मालिका घ्यायची नाही, ठोकळा सरावाला वापरायचा. अहवालात स्पष्ट लिही की तुझी तुलना आपापसातली आहे, प्रमाणित नाही. परीक्षक प्रामाणिकपणाचे गुण देतात, आणि पुढे कधी कोर्टात साक्षीला उभी राहशील तेव्हा हीच सवय तुला वाचवेल. उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न पट्टीबद्दलच विचारतो.

प्रत्येक जातीचे किमान पाच छर्रे, एकमेकांपासून किमान तीन सेंटिमीटर दूर आणि कडेपासूनही तेवढेच आत. म्हणजे एका तोंडावर जेमतेम नऊ छर्रे बसतात, त्यात दोन संदर्भाचे. तीन जातींना ठोकळे जास्त लागतील, ते आधीच गृहीत धर. अंतर ठरलेलं ठेव, डोळ्यांवर चष्मा, मागे रेंजचा पक्का बांध. खोली समोरच्या पृष्ठभागापासून छर्‍याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजायची. चपट्या तोंडाचा छर्रा सहसा अलीकडे थांबतो आणि मागे रुंद वाट ठेवतो, गोल आणि टोकदार त्याच्या पुढे जातात. तुझ्या आकड्यांत हा क्रम आला नाही, तर छर्‍याआधी ठोकळ्याचं तापमान बघ. नंतर सुरी गरम पाण्यात बुडवून ठोकळा वाटेच्या शेजारून काप, छर्रा चिमट्यानं काढ आणि व्हर्नियरनं त्याचा व्यास मोज. एअर रायफलच्या वेगाला शिसं फारसं पसरत नाही.

तक्त्यात प्रत्येक ओळीला वेळ आणि जोडीदार ठोकळ्याचं तापमान लिही, फक्त दिवसाचं नाही. ठोकळा तयार केल्याची तारीख, जिलेटिनच्या पुडीवरचा ब्लूम आणि बॅच क्रमांकही.

वापरून झालेला ठोकळा गटारात किंवा शेताच्या कडेला टाकायचा नाही, कुत्री खातात आणि आत शिसं असतं. ऊन पाण्यात वितळवून बारीक गाळणीतून गाळ, छर्रे बरणीत जमवून भंगारात दे, आणि ते पातेलं, गाळणी, पळी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नकोस. हात साबणानं धुऊनच जेवणाचा डबा उघड.